कात्री न लागलेली होडी

तापलेल्या इस्त्रीखाली मेण वितळू लागले की एक वास सुटतो. थोडा देवघरातला, थोडा परटाच्या दुकानातला. तो वास कुठेही आला तरी मला समुद्र आठवतो. ज्यांनी मथुताई बिवलकरांना कधी पाहिले नाही, त्यांना हा संबंध विचित्र वाटेल. ज्यांनी पाहिले होते त्यांनाही तो विचित्रच वाटला होता. पण तसे बोलून दाखवण्याची कोणाची छाती झाली नाही. त्या वेळी मथुताईंच्या ओठांत टाचण्या होत्या, आणि ओठांत टाचण्या धरलेल्या बाईशी वाद घालू नये, हा आमच्या गिरगावातल्या चाळीचा अलिखित नियम होता.

मथुताई शिवण शिकवीत. सकाळी मुलींच्या शाळेत आणि दुपारी चाळीतल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. मी संस्कृत घेऊन कॉलेजात शिकत होते, मेघदूतातले ढग कोणत्या गावावरून कसे गेले हे मला पाठ होते, पण गुंडीचे काज करता येत नव्हते. म्हणून आईने मला त्यांच्याकडे धाडले. त्यांच्या गळ्यात मापाची टेप सदैव असे. मंगळसूत्राच्या जागी, असे चाळीतल्या बायका म्हणत, आणि मथुताईंना ते ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. लग्नाविषयी कोणी थेट विचारलेच तर त्या एवढेच सांगत, की माप जुळले नाही. कोणाचे कोणाशी, हे विचारण्यापूर्वीच त्यांच्या ओठांत टाचण्या गेलेल्या असत.

टाचण्यांमुळे त्यांची वाक्ये आखूड होती. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, सुई टोचू नये म्हणून, पितळी अंगुस्तान असे. एखादीची टीप वाकडी गेली की ते अंगुस्तान टेबलावर एकदा वाजे. रागाची त्यांची सारी भाषा त्या एका टिचकीत होती. जगाकडे त्या मापाने पाहत. एकदा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या सभेला आम्ही दोघी गेलो होतो. वक्ते मोठे होते, आवाज दमदार होता, मुंबईचे नाव घेताना ते छातीवर हात ठेवीत होते आणि शेजारच्या बायका डोळ्यांना पदर लावीत होत्या. मथुताई एकटक बघत होत्या. मला वाटले, त्याही हेलावल्या. परत येताना त्या म्हणाल्या, "डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. कोट शिवणाऱ्याने सांभाळून घ्यायला हवं होतं." मग चाळीचा जिना चढताना त्यांनी पुस्ती जोडली, की माणूस मात्र खरे बोलत होता.

त्या काळात मुंबई कोणाची, या प्रश्नावर चाळीच्या प्रत्येक नळावर उत्तर मिळे. मथुताईंचे उत्तर वेगळे होते, आणि ते समजण्यासाठी आमचा मे महिना पाहिलेला असायला हवा. परीक्षा संपल्या की चाळ रिकामी होऊ लागे. ट्रंका, वळकट्या, फिरकीचे तांबे, रडणारी मुले आणि मुलांना घाबरवणारे बाप, असा सारा लवाजमा भाऊच्या धक्क्याकडे निघे. कोणी दापोलीकडचे, कोणी राजापूरकडचे, कोणी मालवणचे. प्रत्येकाला गाव होते, गावात घर होते आणि त्या घराबाबत भावाशी भांडण होते. मथुताईंना यांतले काहीच नव्हते. त्यांचे आजोबा कधीतरी कुठूनतरी आले, कुठून ते सांगायचे विसरून गेले, आणि मागे उरली ती गिरगावातली दहा बाय बाराची खोली.

म्हणून मथुताई पोचवायला जात. दर वर्षी, प्रत्येकाला. कोणाचे मूल कडेवर, कोणाची पिशवी खांद्याला अशा त्या धक्क्यावर येत, आगबोटीच्या शिडीपर्यंत जात आणि तिथे सामान हवाली करून एक पाऊल मागे होत. मग भोंगा होई. डिझेल, सुके मासे आणि उन्हाने तापलेल्या दोरखंडाचा वास एकदम दाट होई, आणि बोटीच्या कठड्यावरून शंभर हात हलू लागत. मथुताईही हात हलवीत. बोट ठिपक्याएवढी होईपर्यंत. परत येताना त्यांच्या कमरेला अर्ध्या चाळीच्या खोल्यांच्या किल्ल्या खुळखुळत असत. महिनाभर त्या साऱ्यांच्या तुळशींना पाणी घालीत. समुद्रावर मात्र त्यांनी एकदाही पाऊल ठेवले नव्हते. चौपाटी दहा मिनिटांवर होती, पण चौपाटीवर जाणे म्हणजे समुद्रावर जाणे नव्हे, हे त्यांचे मत ठाम होते.

"ज्यांना गाव आहे त्यांनी मुंबई मागावी," त्या एकदा म्हणाल्या होत्या. त्या वेळी ओठांत टाचण्या नव्हत्या, म्हणून वाक्य पुढे गेले. "मला काय मागायचंय? माझं गावच हे आहे. फक्त मी ते बोटीवरून पाहिलेलं नाही. गावाला जाणाऱ्यांना ते बोटीवरून दिसतं म्हणतात."

त्या उन्हाळ्यात शहरात जमावबंदी होती. पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र जमू नये, असा हुकूम होता. आमच्या भागातले चळवळीचे काम बापू नावाचे गृहस्थ पाहत. त्यांना एका सोमवारी ही बंदी मोडण्यासाठी बायकांची तुकडी पाठवायची होती. पण मे महिन्यात सत्याग्रहाला बायका मिळणे कठीण. महाराष्ट्रासाठी तुरुंगात जायला त्या एका पायावर तयार होत्या, पण आंबे उतरल्यानंतर. अखेर गावाला न गेलेल्या सहा जणी बापूंनी जमवल्या आणि त्यांतल्याच मथुताईंना त्यांच्या प्रमुख म्हणून नेमले. मी त्या सहांत नव्हते. पुढच्या महिन्यात माझे लग्न होते, आणि तुरुंगात जाऊन आलेली सून इंदूरच्या माणसांना कितपत रुचेल याविषयी माझे वडील साशंक होते.

मथुताईंनी नेमणूक स्वीकारली आणि एक अट घातली. सोमवारपूर्वीचे शनिवार-रविवार तुकडी समुद्रकाठी राहील. तुरुंगात भिंती असतात, म्हणून आधी डोळे मोकळे करून घ्यावेत. प्रभादेवीच्या मागे, अगदी वाळूला लागून, शाळेतल्या एका बाईंच्या आत्याची नारळाची वाडी होती. तिथे राहू, चूल मांडू आणि होडी वल्हवू. बापूंनी विचारले, कोणती होडी. मथुताई म्हणाल्या, शिवते.

रद्दीतल्या एका विलायती मासिकात त्यांनी एक चित्र पाहिले होते: लांबट, निमुळती, शेंगेसारखी होडी, तिच्यात पाय पसरून बसलेली एक गोरी बाई आणि तिच्या हातात दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे. दुसऱ्या कोणाला ते चित्र पाहून समुद्र आठवला असता. मथुताईंनी पाहिले की सांगाड्यावर कापड ताणले आहे, आणि शिवण बाहेरच्या बाजूने घातली आहे. म्हणजे ती होडी नव्हती. तो एक झंपरच होता, जरा लांब.

बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आल्या. गॅलरीत सांगाडा उभा राहिला, आणि ज्यांचे पापड-कुरडया तिथे वाळत असत त्यांनी आपली वाळवणे मुकाट्याने गच्चीवर हलवली. कापडाचा प्रश्न मात्र सुटेना. एवढे जाड, एवढे लांबरुंद मांजरपाट फक्त बापूंकडे होते, आणि ते म्हणजे मोर्च्याचा भलामोठा फलक होता. त्यावर भगव्या अक्षरांत तीन ओळी होत्या. वर 'मुंबईसह', मध्ये 'संयुक्त महाराष्ट्र' आणि खाली 'झालाच पाहिजे'. बापूंनी तो दोन अटींवर दिला. सोमवारी सकाळी तो त्यांना परत हवा, कारण तोच घेऊन तुकडी निघणार होती. आणि त्याला कात्री लागता कामा नये. महाराष्ट्र अखंड मागायचा आणि फलक तुकड्यांचा, हे शोभणार नाही, असे ते म्हणाले. तिसरी अट त्यांनी जिन्यावरून ओरडून घातली: सोमवारपूर्वी कोणीही पकडले जायचे नाही. सत्याग्रहाची तुकडी सहलीत सापडली, तर त्यांना गिरगावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

कात्री न लावता कपडा शिवणे म्हणजे काय, हे शिवणाऱ्यालाच कळेल. मथुताईंनी कापड सांगाड्याभोवती गुंडाळले, आणि जिथे जास्त झाले तिथे कापण्याऐवजी आत दुमडले. चुण्या घातल्या, दुहेरी टीप मारली. होडीच्या पोटात हातहातभर कापड पडून राहिले. गॅलरीतून जाणाऱ्या प्रत्येकाने त्या लोंबणाऱ्या घोळाकडे पाहिले, आणि प्रत्येकाला एकच उत्तर मिळाले, "वाढत्या अंगाची आहे." मुलींचे कपडे शिवताना त्या दोन वर्षांची वाढ धरून शिवीत, त्यामुळे हे उत्तर कोणाला चमत्कारिक वाटले नाही. मग मेणबत्त्या किसून कापडावर पसरल्या आणि वरून इस्त्री फिरवली. तो वास मी आरंभी सांगितला आहे. दोन दिवस अख्ख्या चाळीला देवदर्शन आणि धोब्याची फेरी एकदमच घडत होती. वल्ह्याच्या दोन्ही टोकांना कपडे बडवण्याची धोपाटणी बांधली.

होडी जिन्याच्या वळणावरून उतरेना, हे निघायच्या दिवशी कळले. मथुताईंनी जिन्याचे माप घेतले नव्हते. इतर सगळ्यांचे घेतले होते. शेवटी चार नऊवारी लुगडी गाठी मारून जोडली आणि होडी गॅलरीतून खाली सोडली. हातगाडीवाला रस्त्यात उभा राहून वर पाहत होता. एक म्हातारे गृहस्थ चालता चालता थांबले आणि त्यांनी टोपी काढली. कोणीतरी गेले, अशी त्यांची समजूत झाली असावी.

होडी हातगाडीवरून आणि आम्ही ट्रॅमने असे दादरला पोचलो. सहलीपुरते जायला वडिलांची हरकत नव्हती, म्हणून मीही बरोबर होते. प्रभादेवीची ती वाडी आज सापडणार नाही. माडांच्या मुळाशी वाळू इतकी मऊ होती की पाऊल टाकताना आवाज होत नसे. झावळ्यांच्या सावल्या दिवसभर अंगावरून फिरत. वाऱ्याला मिठाची आणि ओल्या शेवाळाची चव होती. दोन सतरंज्यांचा तंबू उभा राहिला, चूल पेटली, आणि तेवढ्यात मथुताईंनी आम्हांला मोजले. मी धरून सात.

"सोमवारपर्यंत कायदा पाळायचा," त्या म्हणाल्या. "वाळूवर चौघी. बाकीच्या पाण्यात."

हुकूम रस्त्यांना आणि मोकळ्या जागांना आहे, समुद्राला नाही, अशी त्यांची मांडणी होती. दोघी होडीत, एकजण गुडघाभर पाण्यात, चौघी काठावर. काठावरच्या एकीला पाण्यात जावेसे वाटले की पाण्यातली एक बाहेर येई, आणि दोघींची अदलाबदल लाटेच्या कडेवर, एकीचा पाय उचलताना दुसरीचा टेकेल अशा बेताने होई. भाजी चिरणारीला मीठ हवे असले तर मिठाजवळ कोण उभे आहे हे आधी पाहावे लागे. ज्या हुकमाचा आम्ही सोमवारी जाहीर भंग करणार होतो, त्याचे इतके काटेकोर पालन त्या दोन दिवसांत सरकारनेही केले नसेल.

ही मोजणी मथुताई करीत, आणि ती त्या काठावरून करीत. टेप गळ्यात, अंगुस्तान बोटात. होडी डुगडुगत निघे, एका अंगाला कलंडत गोल फिरे, पोटातल्या चुण्यांत पाणी भरले की दिवस भरलेल्या बाईसारखी जड होई. मग तिला काठावर आणून उपडी करायची, चुण्या पिळायच्या आणि पुन्हा सोडायची. काठापासून थोड्या अंतरावर एक काळा खडक होता. तिथवर जाऊन मागे वळले की मुंबई दिसे. एकेक जण जाऊन आली. परतणाऱ्या प्रत्येकीला मथुताई विचारीत, काय दिसले. कोणी म्हणे गिरण्यांच्या चिमण्या, कोणी म्हणे माडच माड, एक म्हणाली की आपला तंबू वाकडा दिसतो. मथुताई मान हलवीत ऐकत आणि म्हणत, "आता तू जा." दुसऱ्या कोणाला. शनिवार असा गेला.

त्यांचा नंबर तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा त्यांनी तो दुसरीला दिला. एकदा भात लागत होता, एकदा मेण उडाले होते, एकदा मोजणारे कोणी उरले नसते. जिच्यासाठी त्यांनी ती होडी शिवली होती, ती बाई त्या होडीत बसत नव्हती. रविवारी संध्याकाळी शिवण उसवायची होती. सोमवारी ती होडी असणारच नव्हती.

हे तोंडावर बोलल्या त्या तारामावशी. या लालबागच्या; गिरणीत सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग खात्यात काम करीत आणि मालवणकडच्या होत्या. तुकडीत वयाने सगळ्यांत मोठ्या. दोन दिवसांत त्यांनी पाण्याला पायाचा अंगठाही लावला नव्हता. "मी दर्याकडची असंय," त्या म्हणत, "म्हणानच पाण्यात जाणंय नाय. तुमका म्हायत नाय, म्हणान तुम्ही जातास." त्यामुळे वाळूवरच्या चौघींत एक जागा त्यांची कायम होती, आणि दुसरी मथुताईंची. रविवारी दुपारी त्या मथुताईंच्या शेजारी बसून माशांना मीठ लावत होत्या. हातांतले काम न थांबवता म्हणाल्या, "धक्क्यावर उभी रवान रवान पाय रुजले गो तुझे, मथू."

अंगुस्तान वाजायला तिथे टेबल नव्हते. मथुताईंनी ते बोटातून काढले आणि पुन्हा घातले. लग्नानंतर, इंदूरच्या घरी पहिल्यांदा एकटी बसले असताना, मला त्या काढण्याघालण्याचा अर्थ लागला. जन्मभर निरोप देणाऱ्या माणसाला निरोप घ्यायची सवय नसते. कुठला पाय आधी उचलायचा इथपासून त्याची अडचण असते.

चार वाजायच्या सुमारास हवालदार आला. नायगावच्या पोलीस लाइनीतला असावा. साताऱ्याकडची बोली, घामाने खाकीवर उमटलेला मिठाचा नकाशा. समुद्रावर बायकांचा जमाव आहे, अशी खबर त्याला कोणी दिली होती. त्याने आधी आम्हांला मोजले. होडीत मी आणि माझ्यापुढे शाळेतल्या एक तरुण बाई, एक जण गुडघाभर पाण्यात, चौघी काठावर. त्याने सात सांगितले. मथुताईंनी चार सांगितले आणि लाटेच्या कडेकडे बोट दाखवले. तो त्या रेषेकडे बघत राहिला. ती रेष पुढे आली, मागे गेली. त्याच्या नोकरीत इतकी हलती हद्द त्याला कधी लागली नसावी.

मग त्याचे लक्ष होडीकडे गेले. आमच्या डाव्या बाजूला 'मुंबईसह' होते. फलकाची मधली ओळ होडीच्या बुडाखाली गेली होती, त्यामुळे संयुक्त महाराष्ट्र त्या वेळी पाण्याखाली होता. तिसरी ओळ उजव्या अंगाला आली होती, पण कापड गुंडाळल्यामुळे ती उलटी झाली होती. लाटेने होडी फिरली, तशी हवालदाराने मान खांद्याला टेकवली, मग जवळजवळ गुडघ्यात वाकून वाचले.

"झालाच पाहिजे," तो म्हणाला. "काय झालाच पाहिजे?"

"चहा," मथुताई म्हणाल्या. "बसा."

तो बसला. उन्हातून चालून आला होता, सावली होती, चहा गवती होता. चौकशी बसूनही करता येते असे त्याला वाटले असावे. त्याने बूट काढले आणि वाळूत पाय सोडले. तेव्हा तारामावशींनी खारवलेला मासा खाली ठेवला, हात राखेला पुसले आणि एकेका माणसाकडे बोट दाखवत शांतपणे मोजले.

"मथू, पाच झाले."

कोणाला काही कळण्याआधी मथुताईंना कळले. त्यांचा चेहरा मी पाण्यावरून पाहिला. शिवणीत चूक सापडलेल्या मुलीसारखा झाला होता. त्या घाईघाईने म्हणाल्या, की ते सरकारी आहेत, ते मोजायचे नसतात.

हवालदाराने पेला खाली ठेवला. "का वो बाई? मी मानूस न्हाई व्हय?"

"तसं नव्हे. आपण बंदोबस्ताचे."

"बंदोबस्ताचा मानूस बी मानूसच अस्तोय. मोजा मला," तो म्हणाला. त्याचा आवाज दुखावला होता. तारामावशींनी तत्परतेने त्याला दुजोरा दिला आणि चहाचा पेला भरून दिला. आता वाळूवर पाच माणसे होती, हे खुद्द सरकारने मान्य केले होते. तारामावशी पाण्यात जाणार नव्हत्या, चुलीपाशी बसलेल्या दोघींचे हात पिठात होते, हवालदार बूट काढून चहा पीत होता. कायदा पाळायचा तर एकीला जावेच लागणार होते, आणि तो कायदा पाळण्याचा आग्रह धरणारी बाई एकच होती.

मथुताईंनी निऱ्या वर खोचल्या. त्यांच्या पायांचा रंग मी प्रथमच पाहत होते, पोळीच्या कणकेसारखा फिकट. मी होडी काठाजवळ आणली; माझ्यापुढच्या बाई पाण्यातच उतरल्या आणि होडी धरून उभ्या राहिल्या. मथुताईंनी एक पाय आत ठेवला. दुसरा ठेवण्यापूर्वी त्यांनी मागे वळून पाहिले, ज्या सवयीने आजवर त्या सामान राहिले का ते पाहत, त्या सवयीने. मग बसल्या.

मी होडी खडकाकडे काढली. मी मागे होते. मला फक्त त्यांची पाठ, मानेवरचा घाम आणि गळ्यातल्या टेपची दोन टोके दिसत होती. धोपाटणी पाण्यात पडत होती, पोटातल्या चुण्या भरत होत्या, माझ्या पायांना गार मांजरपाट चिकटत होते. खडकाशी मी होडी वळवली. उतरत्या उन्हात सारे शहर एकदम समोर आले: माडांची काळीशार कड, तिच्यामागे कौले, कौलांमागे परळ-लालबागच्या चिमण्या. रविवार असल्यामुळे त्यांना धूर नव्हता. शहराचा आवाज नव्हता. काठावर चार माणसे एवढीएवढीशी उभी होती. तारामावशींनी पदराचे टोक हलवायला सुरुवात केली. चुलीपाशीच्या दोघींनी पिठाचे हात वर केले. हवालदारही उभा राहिला; हात हलवावा की शिट्टी वाजवावी याचा त्याचा निर्णय होईना, आणि मग त्याने हात हलवला.

मथुताईंनी उत्तरादाखल हात उचलला नाही. त्यांनी गळ्यातली टेप काढली, दोन्ही हात पुढे करून ती वरळीच्या टोकापासून माहीमच्या टोकापर्यंत धरली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ पाहिले.

"वाढत्या अंगाची आहे," त्या म्हणाल्या. "आत कापड सोडायला हवं."

आणि मग त्यांचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या की नाही, हे पाठीवरून सांगता येत नाही. मी वल्हे मारीत राहिले. होडी नेहमीप्रमाणे गोल फिरत होती, त्यामुळे मुंबई त्यांना एकदा सोडून तीनदा दिसली.

संध्याकाळी शिवण उसवली. दोरा तोडायचा नाही, ओढायचा, अशी त्यांची शिस्त होती. होडीचा पुन्हा फलक झाला. मेणाचे डाग, मिठाच्या रेघा आणि चुण्यांच्या घड्या अंगावर घेऊन. हवालदार आधीच निघून गेला होता. जाताना त्याने ठाण्यावर काय सांगणार ते सांगितले होते: चार बाया आणि एक पोलीस, त्यातली एक समुद्रात.

सोमवारी बापूंनी फलक उलगडला आणि त्यांचा चेहरा उतरला. कात्री लावायची नाही म्हटले होते, असे ते म्हणाले. मथुताईंच्या ओठांत टाचण्या होत्या, फलकाची एक कड त्या टाचत होत्या. त्यांनी मान हलवून नाही म्हटले. कात्री कुठेच लागलेली नव्हती, हे खरेच होते.

तुकडी निघाली ती आठाच्या उन्हात. मी फुटपाथवर होते, वडिलांना वचन दिल्याप्रमाणे. दोन बांबूंवर ताणलेला फलक रस्त्यावर आला, आणि सूर्य त्याच्या मागे आला. दुहेरी टीप उसवल्यावर सुईची भोके बुजत नाहीत. त्या भोकांतून प्रकाश येऊ लागला, ठिपक्याठिपक्यांचा, आणि भगव्या अक्षरांवरून एका निमुळत्या होडीची आकृती लखलखत पुढे सरकू लागली. रस्त्याच्या कडेचे लोक घोषणा द्यायचे थांबून वर पाहू लागले. बापूंनीही पाहिले.

नाक्यावर पोलिसांची गाडी उभी होती. कालचा हवालदार बंदोबस्तात होता. त्याने सहाही जणींना मोजले आणि या वेळी त्याचा आणि मथुताईंचा हिशेब जुळला. एकेक जण चढली. फलक धरणाऱ्या दोघींना चढताना बांबू सोडावे लागले. एक बापूंनी धरला, दुसरा कलला आणि फुटपाथच्या कडेला माझ्या हातात आला. तो मी मागितला नव्हता. तो धरून मी रस्त्यावर उतरले. हवालदाराने माझ्याकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले आणि मला मोजले नाही.

मथुताई शेवटी चढल्या. आधी कुठला पाय उचलायचा, याची त्यांना आज अडचण पडली नाही. मी लग्न होऊन गेल्यानंतर त्या सुटल्या. पुढे चार वर्षांनी मी माहेरी आले, तेव्हा त्या हयात नव्हत्या आणि त्यांच्या खोलीच्या दारावर दुसरे नाव होते. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचे शेवटचे दर्शन उरले आहे ते गाडीच्या जाळीतले. इंजिन सुरू झाले. मी एका हाताने बांबू सावरत दुसरा हात हलवला, धक्क्यावर हलवतात तसा. जाळीमागून त्यांनी हात हलवलाच नाही. त्या माझ्याकडे पाहतही नव्हत्या. माझ्या डोक्यावर, उन्हातल्या त्या होडीकडे पाहत होत्या. जाळीच्या तारेवर अंगुस्तान एकदा वाजले.

"डावी बाजू," त्या म्हणाल्या. "अर्धा इंच वर."

मी बांबू वर उचलला.